एका लहानशा शस्त्रक्रियेविषयी

मध्यमवर्गीय मनुष्यास आपल्या शस्त्रक्रियेची हकीकत सांगण्याचा जेवढा हव्यास असतो, तेवढा काशीयात्रेची हकीकत सांगण्याचाही नसेल. कोणाच्या पित्ताशयातून खडे निघालेले असतात आणि ते बाटलीत घालून पाहुण्यांस दाखविण्यासाठी कपाटात ठेविलेले असतात. कोणाचे अपेंडिक्स 'अगदी फुटता फुटता' वाचलेले असते. हृदयाच्या बायपासची कथा तर सत्यनारायणाच्या पोथीप्रमाणे अध्यायवार चालते, आणि मूळव्याधीसारखे अडचणीचे दुखणेदेखील पन्नाशीच्या पुढील मंडळींत चहाबरोबर खुशाल निघते. परंतु पुरुषाच्या देहावर होणारी एक शस्त्रक्रिया अशी आहे, की जिने ती करून घेतली तो गृहस्थ तिचे नाव काढीत नाही, आणि न केलेले दहा जण तिच्यावर विनोद करितात. ती म्हणजे पुरुषाची नसबंदी. आमची ती शस्त्रक्रिया २००३ साली झाली. तिच्याविषयी आजवर आम्ही काही लिहिले नाही त्याचे कारण लाज हे नव्हे. कोणी विचारले नाही, एवढेच.

ज्या घरात आमचे हे मासिक येते त्या घरांत हा विषय वाचल्याबरोबर कोणी पान उलटील, कोणी ते मुलांच्या हातून काढून घेईल. दोघांसही आमची विनंती अशी, की पान उलटण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मनातल्या मनात द्यावे. आपल्या घरात, भावाच्या घरात, मेहुण्याच्या घरात, मुले पुरेत असे ठरल्यावर शस्त्रक्रिया कोणाची झाली? उत्तर आम्हांस ठाऊक आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की प्रजननक्षम वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ३७.९ जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे, आणि ज्यांच्या पतीची झाली आहे अशा शेकडा ०.३. पूर्णांकही नव्हे. आमच्या महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली असते, आणि पुरुषांचा आकडा येथेही दशांश चिन्हाच्या अलीकडे येण्यास तयार नाही.

आता हा हिशेब शस्त्रक्रियेच्या आकाराशी ताडून पाहावा. स्त्रीच्या गर्भनलिका उदरपोकळीत असतात. तेथवर जावयाचे तर पोट उघडावे लागते किंवा दुर्बिणीसाठी छिद्र पाडून आत वायू भरावा लागतो. पुरुषाच्या वीर्यवाहिन्या कातडीच्या लगेच खाली, बोटास लागतील अशा असतात. एकीस घराच्या माजघरात शिरावे लागते, दुसरीचे काम ओटीवरच होते. असे असून शतकातील नव्व्याण्णव घरांनी माजघरच फोडावयाचे ठरविले आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधील बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि त्यानंतर त्या भागातील शिबिरांत गेलेल्या १३ जणी दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशी शिबिरे तीन वर्षांच्या आत बंद करावीत असा आदेश दिला. त्या सगळ्या बातम्या आम्ही वाचल्या. त्यांतील कोणत्याही बातमीत कोणी असे विचारल्याचे आम्हांस आठवत नाही, की त्या ८३ जणींचे नवरे त्या दिवशी कोठे होते.

आमच्या घरी हा प्रश्न दुसऱ्या कन्येच्या जन्मानंतर निघाला. दुसरी कन्या, हे शब्द आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आमचा जिल्हा बीड. २०११ च्या जनगणनेत ह्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील एक हजार मुलग्यांमागे मुली ८०७ भरल्या, आणि पुढे २०१२ साली परळीचे जे प्रकरण उघडकीस आले त्याने जिल्ह्याचे नाव देशभर गेले. अशा मुलखात दोन मुलींवर थांबतो म्हणणे हीच एक बातमी असते. तीत शस्त्रक्रिया पुरुषाची, म्हणजे बातमीवर आणखी बातमी.

प्रसूतिगृहातील डॉक्टरीणबाईंनी नेहमीच्या रीतीप्रमाणे सुचविले होते की आता आलाच आहात तर बाईंचे उरकून टाकू. 'उरकून टाकणे' हे क्रियापद मराठीत नावडत्या कामासाठी आहे, आणि आमच्या वैद्यकशास्त्राने ते स्त्रियांसाठी राखून ठेविलेले दिसते. आम्ही म्हटले, विचार करून सांगतो. त्याच दिवशी संध्याकाळी बाळ पाहावयास आमच्या नात्यातील एक वडीलधारे गृहस्थ आले. मोठे मायाळू मनुष्य. पुरुषाचे करावयाचे आमच्या मनात आहे असे कानावर येताच ते काकुळतीने म्हणाले, "अरे, असला वेडेपणा करू नकोस. बाईचं करून टाकावं. पुरुषाचं मोकळं असावं. उद्या काही बरंवाईट झालं तर पुन्हा संसार मांडता येतो."

मध्ये फक्त पडदा होता. पलीकडे आमची सौभाग्यवती बाळास घेऊन पडलेली होती. ती त्या वेळी काही बोलली नाही. रात्री मात्र तिने विचारले, "अहो, बरंवाईट म्हणजे कुणाचं हो?"

ह्या प्रश्नास आम्ही उत्तर दिले नाही, कारण त्याचे उत्तर तिला आणि आम्हांस दोघांसही ठाऊक होते. पुरुषाची शस्त्रक्रिया होत नाही त्याची कारणे लोक पुष्कळ सांगतात. अशक्तपणा सांगतात, कामधंदा सांगतात. परंतु तळाशी जे कारण असते ते त्या मायाळू गृहस्थांनी निष्कपटपणे बोलून दाखविले. पुरुषाचे बीज जपून ठेवावयाचे, कारण ते दुसऱ्या क्षेत्रात पेरावे लागण्याचा संभव आहे. स्त्री गेली तर बदलता येते. हे म्हणणे कोणी तोंडाने कबूल करणार नाही. शेकडा ०.३ हा आकडा मात्र ते रोज कबूल करीत असतो.

असो. प्रत्यक्ष काय घडते ते सांगावयाचे राहून जाईल.

आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. बाहेरच्या बाकांवर स्त्रिया बसलेल्या होत्या, कोणाच्या कडेवर मूल, कोणाबरोबर सासू. त्यांच्यात आम्हीच एक पुरुष. परिचारिकेने आमच्या हातातला कागद पाहिला, आमच्याकडे पाहिले, आणि मागे नजर टाकून विचारले, "पेशंट कुठंय?" पेशंट आपणच असे सांगितल्यावर तिने चष्मा काढून पुसला. पुढे मात्र तिने आमची जी काळजी घेतली ती जावयाची घ्यावी तशी. एवढ्या दुर्मिळ प्राण्याची घेणे प्राप्तच होते.

आधी प्रश्न विचारतात. वय काय (शासनाच्या नियमांप्रमाणे बाविसाच्या आत व साठीच्या पुढे करीत नाहीत), विवाह झाला आहे ना, निदान एक मूल आहे ना व ते वर्षाच्या वरचे आहे ना, रक्त गोठत नाही असा काही विकार, मधुमेह, हर्निया, पूर्वी त्या जागी झालेली शस्त्रक्रिया. मग एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावतात: हा निर्णय कायमचा धरून चालावे. तुटलेली वाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा जोडता येते खरी, परंतु जोडल्यावर मूल होईलच अशी हमी कोणी देत नाही. ज्याच्या मनात 'पण' असेल त्याने त्या दिवशी घरी परत जावे, त्यात कमीपणा काही नाही. पत्नीची संमती नियमाने लागत नाही. स्त्रीच्या शस्त्रक्रियेसही पतीची संमती नियमाने लागत नाही, ही गोष्ट मात्र आमच्या भागात पुष्कळांस ठाऊकच नाही.

त्यानंतर ती जागा साफ करून घेतात व मनुष्यास टेबलावर निजवितात. भूल त्या जागेपुरतीच असते. मनुष्य शुद्धीवर असतो, छताकडे पाहतो आणि छतावरील पंख्यास पाती किती ते मोजतो. इंजेक्शन मुंगी चावल्यासारखे लागते असे सांगण्याचा प्रघात आहे. आमच्या मते मुंगी हा शब्द फसवा आहे, गांधीलमाशी म्हणणे न्यायाचे होईल. परंतु एकच माशी, आणि तीही क्षणभर. पुढे कातडीवर सुरी चालत नाही. एका टोकदार चिमट्याने वृषणकोशाच्या मध्यभागी लहानसे छिद्र पाडतात, त्यातून एका बाजूची वीर्यवाहिनी वेढ्यासारखी बाहेर घेतात, तिचा थोडासा तुकडा कापून टोके बांधतात व ती आत सोडून देतात. मग त्याच छिद्रातून दुसऱ्या बाजूची. ही रीत चीनमधील ली शुनछियांग नावाच्या शल्यवैद्याने १९७४ साली काढिली व गेल्या शतकाच्या अखेरीस ती आपल्याकडे रूढ झाली. टाका घालावा लागत नाही म्हणून तिला बिनटाक्याची म्हणतात. वाहिनी ओढली जाते त्या वेळी दुखत नाही, परंतु ओटीपोटात खोलवर कोणी दोरीला हिसका द्यावा अशी एक विचित्र, मळमळणारी जाणीव होते. तिची कल्पना आधी दिलेली बरी. आम्हांस कोणी दिली नव्हती, म्हणून ती येथे देत आहो. सारे मिळून वीस मिनिटे गेली असतील. दाढ काढावयास आम्हांस याहून अधिक वेळ लागला होता व अधिक दुखलेही होते.

अर्धा-एक तास बसवून ठेवितात आणि घरी सोडतात. स्वतः मोटारसायकल चालवीत जाऊ नये. कोणास तरी बरोबर न्यावे. दोन दिवस निजून राहावे, घट्ट लंगोट कसावा, बर्फ रुमालात गुंडाळून शेकावे, ती जागा भिजवू नये. आम्ही तालमीत कधी गेलो नाही, तेव्हा लंगोट कसा बांधतात हे शिकण्यासाठी एका पैलवान विद्यार्थ्यास विचारावे लागले, व का विचारतो ते सांगावे न लागेल अशी खटपट करावी लागली. तिसऱ्या दिवशी कातडी निळीजांभळी झाली. ती तशी थोडी होतेच. सूज लिंबाएवढी असली तर काळजी नको; ती वाढत चालली, ताप आला किंवा छिद्रातून पू आला तर मात्र तसेच उठून डॉक्टरांकडे जावे. सातआठ दिवस जड ओझे उचलू नये व सायकलवर बसू नये. आम्ही पाचव्या दिवशी वर्गावर गेलो आणि तास बसून घेतला. सर बसले म्हणजे परीक्षा जवळ आली, असा मुलांनी तर्क केला.

शेकडा एक-दोघांस दुखणे पुढेही पुष्कळ दिवस रेंगाळते, हे लपवून ठेवणे बरोबर नाही. इतरांचे पंधरवड्यात विसरून जाते. आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्या अज्ञानाने घरांत नसते वाद झाले आहेत. शस्त्रक्रिया झाली म्हणजे त्याच दिवसापासून काम झाले असे नव्हे. गाठीच्या पलीकडे जे शुक्रजंतू आधीच जाऊन बसलेले असतात ते निघून जावयास वेळ लागतो. म्हणून तीन महिने दुसरे साधन वापरावे व तीन महिन्यांनी वीर्य तपासून घ्यावे. जंतू नाहीत असा निर्वाळा मिळाला म्हणजे झाले. त्यानंतर गर्भ राहण्याचा प्रसंग दोन हजारांत एखाद्याचा. जे ही तपासणी करीत नाहीत व पहिल्या महिन्यातच निर्धास्त होतात, त्यांच्या घरी पुढे पत्नीकडे संशयाने पाहिले जाते. म्हणजे पुरुषाने शस्त्रक्रिया केली तरी शिक्षा स्त्रीसच, असाही मार्ग मोकळा राहतोच.

आता अशक्तपणाविषयी. आपल्या आयुर्वेदाने सात धातू मानिले आणि शुक्र हा त्यांतील शेवटचा व सर्वांचे सार असा मानिला. पुढे लोकांनी त्यात भर घातली, की रक्ताच्या चाळीस थेंबांचा तो एक थेंब. ही गणिते ज्या समाजात आईच्या दुधाबरोबर मिळतात त्या समाजात वाहिनी कापणे म्हणजे बळाची शीर कापणे असे वाटले तर नवल नाही. वस्तुस्थिती अशी, की वृषण दोन निराळी कामे करितात. शुक्रजंतू तयार करून ते वाहिनीने पुढे पाठवितात, आणि पौरुषाचे द्रव्य तयार करून ते थेट रक्तात सोडतात. दुसऱ्या कामाचा त्या वाहिनीशी संबंधच नाही. शेतातील एक चारी बुजविली म्हणून विहिरीचे पाणी आटत नाही. वीर्यातही शंभर भागांत शुक्रजंतूंचा भाग दोन ते पाच. बाकीचा द्रव दुसऱ्या ग्रंथींतून येतो व पूर्ववत येत राहतो. अडलेले जंतू शरीर आपल्या आपण शोषून घेते. आवाज, दाढी, बळ, इच्छा, सारे जसे होते तसे राहते. ज्याचे आधीच बेताचे असेल त्याचे वाढतही नाही.

वाढते, असे मानणारेही होऊन गेले, आणि ते कोणी अडाणी लोक नव्हते. व्हिएन्ना येथील स्टाइनाख नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले होते, की ही वाहिनी बांधली म्हणजे वृषणांची शक्ती बाहेर न जाता आत वळते व म्हातारा तरुण होतो. १९२० नंतरच्या दशकात युरोपातील कितीतरी प्रौढ सद्गृहस्थांनी पैसे मोजून, हौसेने, ही शस्त्रक्रिया करून घेतली. सिग्मंड फ्रॉइडने १९२३ साली करविली. कवी येट्स, ज्यास आम्ही बी.ए.च्या वर्गास पुष्कळ वर्षे शिकवीत आलो, त्याने १९३४ साली अडुसष्टाव्या वर्षी लंडनमध्ये करविली, आणि त्यानंतर आपणांस नवे तारुण्य आले अशी त्याची स्वतःची खात्री होती. त्याच्या उत्तरवयातील कविता जोमदार आहेत ह्यात शंका नाही. स्टाइनाखचा सिद्धान्त पुढे खोटा ठरला. परंतु मौज पाहा: तीच नळी, तीच गाठ. व्हिएन्नातील मनुष्य ती बांधून घेऊन जिने धडाधडा चढू लागला, आणि आमच्या गेवराईचा मनुष्य तिच्या नुसत्या विचाराने जिन्याच्या कठड्यास धरू लागतो. दोघांच्याही नळीचा त्यात काही संबंध नव्हता.

केवळ आयुर्वेदावर किंवा अज्ञानावर सारा दोष टाकणे मात्र अन्यायाचे होईल. ह्या भीतीस एक इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी ६२ लाखांच्या आसपास पुरुषांच्या होत्या. आणीबाणीचे ते दिवस. आमच्या जिल्ह्यापासून फार दूर नसलेल्या बार्शीस १९७६ च्या जानेवारीत रस्त्यावरून माणसे गाडीत घालून नेऊन त्यांच्या शस्त्रक्रिया केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुले असणाऱ्यांवर सक्तीची शस्त्रक्रिया करण्याचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते कायदा झाले नाही, एवढेच. आम्ही त्या वेळी अगदी लहान होतो. आमच्या गावी सरकारी जीपचा धुरळा दिसला की मोठी मोठी माणसे ज्वारीत शिरत, हे आम्ही पाहिले आहे. आम्हांस तो लपंडावाचा खेळ वाटे. पुढल्याच वर्षी पुरुषांच्या शस्त्रक्रियांचा आकडा दोन लाखांच्याही आत उतरला. तेव्हापासून एकाही राजकीय पक्षाची पुरुषाकडे पुन्हा ह्या कामासाठी पाहण्याची छाती झाली नाही. लक्ष्ये राहिली, शिबिरे राहिली, फक्त बाकांवर बसणारी माणसे बदलली. पुरुषास मत होते व संताप होता, त्यांचा धाक सरकारास बसला. स्त्रीसही मत होते. तिच्या संतापाचा धाक कोणास बसल्याचे ऐकिवात नाही.

ह्याच्या कितीतरी आधी, १९२१ साली, लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी संततिनियमनाचे केंद्र उघडिले त्याच वर्षी, रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी ते काम मुंबईत सुरू केले होते. त्यासाठी त्यांस विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालविले. अश्लीलतेचे खटले सोसले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडिली. आमचा जिल्हा त्या वेळी निजामाच्या मुलखात होता, तेव्हा ते मासिक येथे कितीजणांच्या हाती पडले असेल कोणास ठाऊक. परंतु कर्वे ह्यांच्या साऱ्या लिखाणामागे जो आग्रह होता, की मूल केव्हा व्हावे ह्यावर स्त्रीची सत्ता असावी, तो सक्तीच्या गाडीत बसणारा नव्हता आणि 'उरकून टाकू' ह्यातही बसणारा नाही. जो विचार समजावून सांगावयाचा त्याची आमच्या राज्यकर्त्यांनी आधी दांडगाई केली, आणि ती अंगाशी आल्यावर तो विचारच सोडून दिला.

आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दसऱ्यानंतर लाखो माणसे ऊसतोडीस जातात, पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, आणि पाडव्याच्या सुमारास परततात. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर. दोघांतील एकाने दिवस बुडविला तर खाडा पडतो, तोही कोयत्यावर. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेते, आणि फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकते. पहाटेचा स्वयंपाक आणि पाणी आणणे हे कोयत्याच्या हिशेबात धरीत नाहीत. ह्या कष्टाच्या मुलखातही शस्त्रक्रिया स्त्रीचीच होते, व लवकर होते. लग्न लवकर, मुले लवकर, तेव्हा तेही लवकर. कारण विचारले तर सांगतात, पुरुषास जड काम करावे लागते. डोक्यावर मोळी घेऊन फळी चढणे हे कोणते काम, हा प्रश्न आम्ही एकदा एका मुकादमास विचारला होता. त्याने आमच्याकडे शहरी मनुष्याकडे पाहावे तसे पाहिले.

ह्या स्त्रियांची पुढची कथा २०१९ साली वर्तमानपत्रांतून आली. डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून खाजगी रुग्णालयांनी ती शस्त्रक्रिया करू नये असा निर्बंध आला. गर्भाशय काढण्याची कारणे निराळी आहेत, नसबंदीशी त्यांची सरमिसळ करणे योग्य नव्हे. पण जिच्या पोटावर विशीत एकदा सुरी फिरली, तिच्या पोटावर तिशीत दुसऱ्यांदा फिरविणे कोणासच फारसे अवघड गेले नाही, एवढे आम्ही म्हणू. त्यांतील पहिली सुरी तरी टाळता येण्याजोगी होती.

गेल्या काही वर्षांत एकच मनुष्य ह्या विषयासाठी आमच्याकडे आपण होऊन आला. आमचाच एक जुना विद्यार्थी. बी.ए.ची दोन वर्षे झाली, पुढे वडिलांची उचल फिटेना म्हणून कॉलेज सुटले. तो धारूरकडचा. एक मुलगा, एक मुलगी. पाडव्याला परत आल्यावर एका दुपारी तो आला, पाणी प्याला, पाऊसपाण्याचे बोलला, आणि उठता उठता म्हणाला, "सर, तुमचं ते झालंय म्हणतेत. खरंय का?"

खरे आहे असे आम्ही सांगितले.

"मंडळीचं करायचं म्हणायलीय माय. पर तिला गेल्या साली फडातच ताप भरलेला, अंगावर काही राहिलं नाही तिच्या. म्हणून म्हणलं, आपलंच करावं. ताकदीचं काय हो सर? मोळी उचलंल का?"

आम्ही त्यास वर जे लिहिले आहे ते सारे सांगितले, स्टाइनाख वगळून. गांधीलमाशीचे सांगितले, दोरीच्या हिसक्याचे सांगितले, लंगोट दोन घे म्हणून सांगितले. सरकारी रुग्णालयात पैसे लागत नाहीत, उलट शासन थोडी रक्कम देते व ती स्त्रीपेक्षा पुरुषास अधिक देते, हेही सांगितले. पैशाच्या गोष्टीवर तो हसला. त्याने दुसराच हिशेब केला. पेरणीनंतर आठ दिवस घरी बसता येईल, फडात असताना बसता येणार नाही. म्हणून शस्त्रक्रिया पावसाळ्यात. त्याच्या आईस काय सांगावे, हा प्रश्न राहिला. ते काम आमच्या सौभाग्यवतीने अंगावर घेतले. ती त्यांच्या गावी जाऊन त्या माउलीशी काय बोलली ते तिने आम्हांस सांगितले नाही. परत आली ती शेवग्याच्या शेंगा घेऊन आली.

भाद्रपदात त्याची शस्त्रक्रिया झाली. दसऱ्यानंतर टोळी कोल्हापूरच्या बाजूस गेली. म्हणजे तपासणीचा तिसरा महिना फडातच येणार, हे आमच्या कोणाच्या ध्यानात आले नव्हते. मार्गशीर्षात एका रात्री त्याचा फोन आला. तालुक्याच्या रुग्णालयात तपासणी होते असे त्याने विचारून ठेविले होते. परंतु नमुना तासाभराच्या आत पोहोचवावयाचा, म्हणजे अर्धा दिवस जाणार आणि कोयत्यावर खाडा पडणार. खाड्याचे तो सोसावयास तयार होता. मुकादमास कारण काय सांगावे, एवढेच आम्हांस विचारावयाचे होते. आम्ही म्हटले, दाढ दुखते म्हणून सांग.

"नको सर," तो म्हणाला. "खरं हाय तेच सांगतो. टोळीतले अजून दोघं विचारायलेत."